अच्युत घाटेची हव

आपल्या पायावर पाटा ठेवलेला आहे हे अच्युतला कळलं ते त्या बाईनं ओरडून सांगितलं तेव्हा. बाई तेलीबांध्याला बसमध्ये चढली होती. नवऱ्याला नव्या रायपुरात क्वार्टर मिळालेलं, बाकीचं सामान सकाळीच टेम्पोनं गेलेलं, पण पाटा काही तिनं टेम्पोवाल्याच्या भरवशावर सोडला नव्हता. गोणपाटात बांधून तो तिनं सीटखाली सरकवला आणि शेजारणीला आपल्या संसाराची हकिगत सांगत बसली. पंधरा मिनिटं तरी झाली असतील. मग पोतं सारखं करायला म्हणून ती वाकली आणि किंचाळलीच, "अगा भैया, तोर गोड़ दब गे हे!" गोड़ म्हणजे पाय. सगळी बस वळून पाहायला लागली. अच्युतनं खाली पाहिलं. उजव्या बुटाचा पंजा पोत्याखाली सपाट झाला होता, एखाद्या दुसऱ्याच माणसाचा बूट असावा तसा. "हव, हव," तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी गुडघ्याखाली धरून त्यानं पाय ओढून घेतला. बाई पुन्हापुन्हा विचारत होती, लागलं का, लागलं का. तो म्हणाला, हव. मग तिचा चेहरा पाहून लक्षात आलं, की इथं नाही म्हणायला पाहिजे होतं. पण तोवर ती आपल्या शेजारणीला सांगायला लागली होती, की बिचाऱ्याला फार लागलंय, चांगला माणूस आहे, बोलत नाही.

लागलं नव्हतं, एवढं खरं. सत्तावीस वर्षांपासून त्या पायाला काही लागलंच नव्हतं. शहाऐंशी साली रेल्वेच्या मैदानावर फुटबॉलच्या सरावात नत्थूचा बूट घोट्यावर बसला. नत्थू त्यांचा बॅक, मनानं गरीब आणि अंगानं रेडा. हाड जुळलं, पण घोट्यापासून अंगठ्यापर्यंतची एक शीर कुठं तरी राहून गेली. डॉक्टर सुईनं टोचून विचारत, आता? आता? आणि अच्युत वर पंख्याकडे पाहत पडलेला. ही गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नाही, मीराला सुद्धा वर्षभर नाही, आणि पुढचे दोन सीझन तो त्याच पायानं खेळला. नवल म्हणजे चांगला खेळला. बॉल पायावर आला हे त्याला आवाजावरून कळायचं. ठक् असा भरीव आवाज आला की बरोबर लागला, फट् आला की चुकला. आणि समोरून कोणी कितीही अंगावर येवो, पाय मागं घ्यावासा वाटायचा नाही. दुखणाराच पाय मागं येतो. पेपरात तेव्हा पहिल्यांदा त्याचं नाव छापून आलं, तेही 'अच्युत घाटी' असं, आणि लिहिलं होतं की हा हाफ निडर आहे. वडिलांनी ते कात्रण देवघराच्या फळीखाली चिकटवून ठेवलं. निडर! अच्युतला त्या शब्दाचं तेव्हा हसू यायचं. आता हसूही येत नव्हतं. बाहेर रुंद रस्ता सुरू झाला होता, मधे शोभेची झाडं, आणि दूरदूरपर्यंत एक माणूस चालताना दिसत नव्हता.

अकरा वाजता त्याला बयान द्यायचं होतं. तसं बघितलं तर काम पाच मिनिटांचं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते त्यानं ब्राह्मणपाऱ्यातून निघताना, बुटाची नाडी बांधताना, मनातल्या मनात हिंदीत घोकून ठेवलं होतं: देवीदास को कोई चोट नहीं थी. सहा शब्द. मीरा दारात उभी होती. तिनं विचारलं, "काय सांगसान तिथं?" तो म्हणाला, "जे आहे ते." मीरानं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षांचा संसार, तिला काय कळत नसणार. "जे आहे ते सांगा बापा," ती म्हणाली, "त्या पोट्ट्याची उमर निघून चालली." मागून ऋता मोबाईलमधून मान न काढता म्हणाली, "पापा, बस बोल देना, इसमें क्या है." ऋताला मराठी सगळं समजतं, पण उत्तर कायम हिंदीतच. अच्युत दोघींना मिळून एकदाच हव म्हणाला आणि बाहेर पडला.

ही हव त्याला मैदानानं दिली होती. घरात वडील नागपूरचे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले. हव तेही म्हणत, पण त्यांची हव म्हणजे होकार, गोष्ट पक्की, त्यात मागंपुढं नाही. अच्युतची हव वेगळी. हाफ म्हणजे मैदानाच्या मधला माणूस. पुढचे सगळे पाठमोरे, मागचे सगळे घाबरलेले, आणि मधे हा. ज्याच्या पायात बॉल आहे त्याला नुसतं कळलं पाहिजे की अच्युत कुठं आहे. नाव घेऊन ओरडायला वेळ नसतो. म्हणून तो म्हणायचा, हव. डावीकडून हव, मागून हव, कधी अगदी कानाशी हव. आणि समोरचा न पाहता बॉल सोडून द्यायचा, कारण हव आली म्हणजे तिथं अच्युत असायचाच. त्या एका शब्दावर अकरा वर्षं गेली. गोल दुसऱ्यांनी केले, खांद्यावर दुसरे बसले, आणि ते बरोबरच होतं, त्याचं त्याला काही नव्हतं. पण ती हव मैदानापुरती राहिली नाही, घरीही तोंडातच बसली. कोणी काही सांगायला लागलं की हा हव, हव करत राहणार. फोनवर तर विचारूच नका. त्या हवचा अर्थ एवढाच, की मी इथं आहे, तुम्ही बोला. रायपुरातल्या कोणाही शहाण्या माणसाला हे समजतं. मीराला तर लग्नाच्या पहिल्याच महिन्यात समजलं, आणि तेव्हापासून ती कुठलीही महत्त्वाची गोष्ट त्याला दोनदा विचारते.

मग वेगळं राज्य झालं. दोन हजार साली रायपूर एका रात्रीत राजधानी झाली आणि बाकी सगळ्या गोष्टींबरोबर राज्याची फुटबॉल टीमही एकदम लागायला लागली. तोवर पोरं भोपाळला, जबलपूरला जाऊन ट्रायल देत आणि परत येत. आता आपलं राज्य, आपली असोसिएशन. शेखर सेक्रेटरी झाला. शेखर म्हणजे शाळेतला सोबती, भोसल्यांच्या वेळेपासून रायपुरात असलेल्या घराण्यातला, शुद्ध बोलणारा, चार मोठ्या लोकांत उठबस असलेला. त्यानं अच्युतच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू मॅनेजर हो." आईनं गल्लीभर पेढे वाटले. तिला वाटलं, मॅनेजर म्हणजे केबिन, टेबल, बेल दाबली की चपराशी. ऋता तेव्हा लहान, तिनं टीव्हीवर पाहिलेलं, की परदेशात मॅनेजर कोट घालून मैदानाशी उभा असतो आणि सगळ्या टीमचा बाप असतो. आता तिला काय सांगणार, की इकडं खेळाचं सगळं कोच पाहतो, आणि मॅनेजर म्हणजे रिझर्वेशनचे चार्ट, पोरांचे जन्मदाखले, केळ्यांचे डझन, कोणाचा बूट फाटला, कोणाला जुलाब झाले. तेरा वर्षं त्यानं ते केलं आणि मन लावून केलं. सेकंड क्लासच्या डब्यात वीस पोरं मोजायची, मगच स्वतः बसायचं. त्याच्या ट्रॅकसूटच्या पाठीवर मोठ्या अक्षरात मॅनेजर छापलेलं होतं, ते अक्षर त्याला स्वतःला कधी दिसलं नाही, पण बाजारात भाजीवाली सुद्धा मॅनेजर साहेब म्हणायची आणि त्याला ते बरं वाटायचं. लपवायचं काय त्यात? बरं वाटायचं. आणि एक गोष्ट मात्र मॅनेजरच्या हातात खरोखर होती. वीस नावांच्या यादीवर सही त्याची. ती सही झाली की त्याच्या संमतीशिवाय नाव बदलायचं नाही, असा नियमच होता.

देवीदास मेश्राम त्या यादीत नववा होता. बीरगांवात राहणारा, उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर काम करणारा, बाप भंडाऱ्याकडून आलेला. हाफच. सहा वर्षं अच्युतनं त्याला रविवारी सकाळी स्वतः शिकवलं होतं, आणि शिकवलं काय, तर ऐकायला शिकवलं. "डोळे नको वापरू रे, डोळ्याले वेळ लागते. आवाज ऐक." हा स्वतः मैदानभर फिरत हव, हव करायचा आणि देवीदासनं पाठमोरं राहून तिकडं बॉल द्यायचा. शंभरातले नव्वद बरोबर जायचे. पोट्टा सत्तावीस वर्षांचा झाला तरी राष्ट्रीय स्पर्धेची यादी त्याच्या वाट्याला आली नव्हती. या वर्षी आली. यादीत नाव असलं की सर्टिफिकेट मिळतं, सर्टिफिकेट असलं की खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीचा अर्ज करता येतो, आणि अर्जाची वयाची अट येत्या एकतीस तारखेला संपत होती. त्यानंतर देवीदासला भट्टीच होती, जन्मभर.

फोन आला तो रविवारी, जेवताना. मीरानं गोळाभात केला होता, वरून कडकडीत तेल घातलेलं, आणि अच्युतनं पहिला घास कालवलेला. डाव्या हातात फोन. शेखर म्हणाला, "अरे, एक नाव घालायचंय यादीत. वरून आलंय, नाही म्हणता यायचं नाही." अच्युत म्हणाला, हव. "देवीदासच्या जागी घालतो. दोघेही हाफच आहेत, तुझी टीम बिघडत नाही." हव. "कारण काही तरी लिहावं लागेल. घोट्याला दुखापत, असं लिहू?" इथं थोडा वेळ गेला. किती, ते अच्युतला आजही सांगता येणार नाही. तेल भातात जिरत होतं. टेबलाखाली त्याचा उजवा पाय दुसऱ्या पायावर ठेवलेला होता, आणि ते त्याला डाव्या पायावरून कळत होतं. मग त्यानं स्वतःचाच आवाज ऐकला: हव. "बस्स, काम झालं," शेखर म्हणाला, आणि फोन ठेवला. मीरानं विचारलं, "कोण होता?" "शेखर." "काय म्हणे?" "काही नाही." गोळाभात त्यानं सगळा खाल्ला. शिवाय थोडा मागून घेतला.

तीन महिने झाले. त्या तीन हवा तो तांदळातले खडे निवडावेत तशा रोज निवडत बसला होता. पहिली नक्कीच ऐकण्याची. त्यात वादच नाही. दुसरीही तशीच म्हणता येईल, ताणून. पण तिसरी? तिसरीच्या आधी जे थांबणं होतं, ते ऐकणारा माणूस थांबत नाही. मैदानावर त्यानं आयुष्यात कधी थांबून हव म्हटली नव्हती. हे त्याला पक्कं माहीत होतं आणि माहीत असूनही आत काहीच हलत नव्हतं. रात्रीची झोप लागायची. ऑफिसात जायचा, यायचा. टीम स्पर्धेला गेली तेव्हा डब्यात पोरं मोजताना वीस भरली, आणि त्याला बरोबर वाटलं. परत आल्यावर कळलं, देवीदासनं खेळ खात्याकडे तक्रार केली आहे; ती खरी ठरली तर नाव यादीत परत लागून सर्टिफिकेट मिळणार होतं. शेखरनं लेखी उत्तर दिलं, की मॅनेजरच्या संमतीनं नाव कमी केलं. आणि परवा शेखरनं निरोप धाडला: तिथं जे विचारतील त्याला हो म्हण, नव्या रायपुरात खेळाची अकादमी होऊन राहिली आहे, तुझं नाव मी दिलंय. तेही अच्युतनं ऐकून घेतलं. लोभ सुटला असता तरी एक बरं, निदान काही सुटलं असतं.

बसनं त्याला जिथं उतरवलं तिथून खेळ खात्याची इमारत दिसत होती, पण पोचायला वीस मिनिटं लागली. नव्या रायपुरात सगळं दिसतं आणि काहीच जवळ नसतं. पायरीवर देवीदास बसला होता. रात्रपाळी करून तसाच मोटरसायकलवर आला होता, भुवयांना राखेचा रंग, डोळे लाल. अच्युतला पाहताच उठला आणि वाकून पाया पडला, दोन्ही हातांनी दोन्ही पायांना शिवला. डाव्या पायाला ते कळलं. "मले माहीत होतं तुम्ही येसान," तो म्हणाला. "पोट्टे म्हणत, भैया नाही येत, शेखरबाबूचे दोस्त आहेत. मी म्हटलं, तुम्हाले भैयाची हव माहीत नाही. डोळे मिटून बॉल सोडा, तिथं भैया राहतेच." अच्युतनं विचारलं, "जेवलास का?" "नंतर जेवतो भैया. आधी हे होऊ द्या. तुम्हाले घरी मीच सोडून देतो गाडीवर. जाळी निघून गेली सायलेन्सरची, जरा पाय सांभाळून बसा म्हणजे झालं." त्याला इतका आनंद झाला होता की तो मधेच हसत होता, आणि हसताना आपण कचेरीत आहोत हे आठवून तोंडावर हात धरत होता.

आत खोलीला नव्या प्लायवूडचा वास होता. तक्रार ऐकणाऱ्या अधिकारी बाई चाळिशीच्या, बाहेरगावच्या, आवाज मऊ. बाजूला कॉम्प्युटरवर एक क्लार्क. बाईंनी पाणी विचारलं, मग शेखरचं पत्र एकेक परिच्छेद करून वाचायला घेतलं. "बीस नामों की सूची पर आपने हस्ताक्षर किए थे." अच्युत म्हणाला, हव. क्लार्कची बोटं चालली. "सचिव ने फोन पर आपसे एक नाम बदलने की बात की." हव. "आपने सहमति दी." हव, अच्युत म्हणाला, म्हणजे मी ऐकतोय, वाचा तुम्ही. "कारण, खिलाड़ी के टखने में चोट." हव. वाचून झालं तेव्हा त्याला वाटलं, आता विचारतील, आता आपलं वाक्य. त्यानं ते जिभेवर आणून ठेवलं. पण प्रिंटरनं घरघर केली आणि एक कागद त्याच्यापुढं आला. क्लार्क इथलाच होता, तरी कागदावर हव लिहीत नाहीत. डाव्या बाजूला चार प्रश्न होते आणि उजव्या बाजूला, एकाखाली एक, चार वेळा लिहिलं होतं: हाँ.

अच्युतनं ते वाचलं. बाईंनी चष्मा काढला. त्यांना बहुधा काही तरी वाटलं असावं, कारण त्यांनी कागद लगेच पुढं ओढला नाही. त्या म्हणाल्या, "घाटे जी, आपको कुछ और कहना है?" आणि तो म्हणाला, "हव." ती हव बाईंनी होकार म्हणून घेतली, की याला काही बोलायचं आहे. बाई थांबल्या. क्लार्कनं कीबोर्डवर बोटं ठेवली आणि तोही थांबला. अच्युतला ही जागा ओळखीची होती. कधीकधी मैदानावर असं होतं, बॉल तुमच्या पायात असतो आणि अंगावर कोणीच येत नाही, सगळे मागं सरकतात, समोर सगळं मैदान मोकळं, आणि नेमके अशाच वेळी पास चुकतात. बाहेर पायरीवर देवीदास होता. सहा शब्द होते. घसा कोरडा नव्हता, छाती धडधडत नव्हती. भीती वाटली असती तर तो कदाचित बोललाही असता. तो आपल्यात भीती शोधत राहिला, शरम शोधत राहिला, डॉक्टर सुई टोचत विचारत असावेत तसा, आता? आता? "बोलिए," बाई म्हणाल्या. अच्युतनं कागद आपल्याकडे ओढला आणि विचारलं, "साइन कहाँ करना है?"

क्लार्कनं जागा दाखवली. त्यानं पूर्ण सही केली, घाटेतला घा सुद्धा नीट काढला.

देवीदास दारातच उभा होता. "झालं भैया? इतक्या लवकर?" तो अच्युतच्या तोंडाकडे पाहत नव्हता, लाजून खाली, आपल्या बुटांकडे पाहत होता. मग हळूच म्हणाला, "सांगितलं ना तुम्ही? मले काही लागलं नव्हतं म्हणून?"

"हव," अच्युत म्हणाला.

या वेळी तो थांबला नव्हता. देवीदासनं ती ऐकली आणि मान वर केली. सहा वर्षं त्या आवाजावर पाठमोरा धावलेला माणूस, त्यानं दुसरं काही विचारलंच नाही. डोळे भरून आले तसे बाहीनं पुसले, बाहीची राख गालाला लागली. "माय म्हणे, तूच जाऊन पाय धर त्यायचे," तो म्हणाला. "मी म्हटलं, काहून? भैयाले सांगा लागत नाही." त्यानं गाडी काढली, किक मारली, आणि अच्युत मागं बसला. दुपारचं ऊन सगळ्या रुंद रस्त्यावर सारखं पसरलं होतं. देवीदास वाऱ्यात ओरडून ओरडून बोलत होता, एकतीसच्या आत कागद येईल, अर्ज तो आजच भरून ठेवतो, पहिली ड्युटी लागली की मीरा वहिनीच्या हातचा गोळाभात खायला येतो. अच्युत त्याच्या खांद्याला धरून हव, हव म्हणत होता. मधली शोभेची झाडं एकामागून एक मागं जात होती. तेलीबांध्याच्या तलावापर्यंत पोचायला अजून बराच रस्ता होता.

देवीदासनं अचानक वेग कमी केला. मान थोडी वळवून वास घेतला.

"भैया, रबर जळल्यासारखा वास येऊन राहिला," तो म्हणाला. "तुमचा पाय तं नाही ना लागला सायलेन्सरले?"

अच्युतनं खाली पाहिलं. उजवा बूट पायदानावरून घसरून नळीला टेकला होता, तळव्याचं रबर पातळ होऊन कडेनं ओघळत होतं, आणि मोज्याची कड तपकिरी पडत चालली होती.

"नाही," तो म्हणाला.